न वाजणारी गोळी

माझं डोकं गरम आहे, हे उचगावात कुणालाही विचारा. त्यामुळं त्या हिवाळ्यात माझ्या गोळ्या भलतीकडं जायला लागल्या, तेव्हा गोळीकडं कुणी बघितलंच नाही. सगळे माझ्या डोक्याकडंच बघायला लागले.

दोन हजार साल लागायच्या तोंडाची गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कोल्हापुरात एका रायफल क्लबात जात होते. पोटावर झोपायचं आणि पन्नास मीटरवरच्या कागदाला गोळी मारायची. त्यातला दहाचा गोल एवढा बारका, की शर्टाचं बटण ठेवलं तर झाकून जाईल. क्लबात रायफली चार, पण धड एकच. बाकीच्यांच्या नळ्या झिजलेल्या. ती धड रायफल मी आणि ऋतुराज आलटूनपालटून वापरायचो. ऋतुराज शिरोळकडचा, उसाच्या घरचा, अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं एकदम गार. संक्रांतीनंतरच्या रविवारी आमची दोघांची चाचणी होती. जो जिंकेल त्याला ती रायफल वर्षभर मिळणार आणि राज्याच्या स्पर्धेला तोच जाणार. हरेल त्यानं झिजलेली नळी कवटाळून बसायचं. मला ती रायफल पाहिजे होती. एवढं मनापासून मी आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच हे सुरू झालं. सकाळी गेलं की माझ्या सुरवातीच्या गोळ्या कागदावर वाट फुटेल तिकडं जायच्या. एक वर, एक उजवीकडं, एक बरोबर दहात, पुढची सातात. अर्धा तास गेला की सगळं आपोआप जाग्यावर यायचं आणि मग मी अशी मारायचे की कोच कृष्णात सरसुद्धा दुर्बिणीतनं डोळा काढायचे नाहीत.

"तुझं मन उशिरा उठतंय," सर म्हणायचे. "शरीर रेंजवर, मन अजून उचगावात चहा पितंय."

"मन माझं माझ्याजवळच आहे, सर."

"बघ, चिडलीस. ही चीडच गोळीत उतरती."

आता चिडू नको म्हटल्यावर कोण चिडणार नाही? मी श्वास मोजले, डोळे मिटले, सकाळचा चहा बंद केला. घरी अव्वानं, म्हणजे आईनं, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. अप्पा तेवढे काही बोलले नाहीत. माझे वडील चनबसाप्पा, गावात किराणा दुकान, आणि दिवाळीला फटाक्यांचा स्टॉल. पंचक्रोशीत त्यांच्या मालाची ख्याती होती. चनबसाप्पांचा बार फुसका निघाला, असं कधी झालं नाही. दिवाळीआधी ते सगळा माल गच्चीवर उन्हात घालायचे आणि कुरडया परतव्यात तसे फटाके परतवायचे. मुलीनं बंदूक धरावी हे त्यांना आवडलंय का खुपतंय, ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. शेताच्या राखणीची बंदूक असल्यामुळं लायसन त्यांचं होतं, ते त्यांनी क्लबासाठी वाढवून घेतलं. म्हणून माझ्या गोळ्याही त्यांच्याच नावावर, त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच किल्लीखाली. रोज सकाळी ते गोळ्यांचा डबा माझ्या पिशवीत घालायचे आणि "जा" म्हणायचे. बस्स, एवढंच आमचं नेमबाजीवरचं बोलणं.

कोडं सुटायला सुरवात झाली ती ऋतुराजमुळं. तो शेजारच्या गादीवर पाय पसरून माझी पाळी संपायची वाट बघत बसायचा. एक दिवस शेंगा खात खात म्हणाला, "शिवलीला, तुझी रायफल आधी वरडती आणि मग गप होती. माझ्या हातात असली की पहिल्यापास्नं गप असती. असं का गं?"

"वरडती म्हणजे?"

"तुला ऐकू येत न्हाय व्हय? कान झाकल्यात म्हणून आसंल. फट् होतंय, त्येच्यावर आणि एक तड् होतंय. पोतराजाच्या आसुडागत."

दुसऱ्या दिवशी मी कानातले बोळे सैल करून ऐकलं. खरंच की! काही गोळ्या नुसत्या फट् करून जायच्या. काहींच्या मागनं कोरडं, टोकदार तड् यायचं. आणि मग माझ्या अंगावर काटाच आला, कारण तड् झालेली प्रत्येक गोळी बाहेर गेली होती. फट् झालेल्या मात्र आत. म्हणजे गोळी कागदाला लागायच्या आधी मला नुसत्या कानानं सांगता येत होतं की ही गेली वाया! मी तशीच उठून सरांकडं पळाले.

सरांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग स्वतः बसून ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आयला," ते म्हणाले, "ह्या गोळ्या वाजायला नको हुत्या."

"गोळी वाजायला नको म्हणजे? गोळी वाजणारच की."

"दारू वाजती, ती नळीच्या तोंडाशी. ते फट्. तड् येतंय ते गोळीचं. गोळी आवाजाच्या पुढं पळाली की हवा फाटती, ती वाजती. आसूड का वाजतो? त्याचं टोक आवाजाच्या पुढं जातं म्हणून. आपल्या गोळ्या मुद्दाम हळू केलेल्या असत्यात. आवाजापेक्षा जराशाच हळू."

मला हे नवीनच होतं. मला वाटायचं, जेवढी गोळी जोरात तेवढी चांगली. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? आमच्याकडं मिसळ झणझणीत, बोलणं खणखणीत, आणि गोळी तेवढी मुद्दाम मवाळ?

"पण जोरात गेली तर लवकर पोचंल. वारा कमी लागंल!"

"न्हाय. जास्त लागंल."

"असं कसं होईल सर?"

सर खूश झाले. एवढं कुणी त्यांना विचारतच नसे. त्यांनी काडी घेतली आणि धुळीत रेघ ओढली. "गावात मिरवणूक येती तेव्हा हलगी पुढं असती का न्हाय? हलगी ऐकून माणसं वाट सोडत्यात. गोळीचा आवाज म्हणजे तिची हलगी. गोळी हळू असली की आवाज पुढं जाऊन हवेला सांगतो, बाई येतीया, सरका. हवा नीट बाजूला होती. गोळी आवाजापेक्षा लई जोरात असली तर हलगी मागंच ऱ्हाती, हवेला काय पत्ताच न्हाय, गोळी तिला फाडत जाती. तेबी एक वेळ चालतंय. पण ह्या दोन्हींच्या मधी—" सरांनी रेघेवर काडी आपटली, "निम्म्या माणसांनी हलगी ऐकली, निम्म्यांनी न्हाय. कोण सरकतंय, कोण आडवं येतंय. तिथं नुसती रेटारेटी. गोळीला हवा एकदम जड लागती, गोळी धापा टाकती, थरथरती. आणि आपली गोळी बारकी. आवाजाच्या जरा पुढं निघाली तर पन्नास मीटर जायच्या आत दमून आवाजाच्या मागं येणार. म्हंजे त्या रेटारेटीतनंच जाणार."

"आणि वारा?"

"वारा किती येळ लागला ह्यावर न्हाय ते. वाटंत गोळीची गती किती मेली ह्यावर हाय. रेटारेटीत गती जास्त मरती, म्हणून वारा जास्त ढकलतो."

मी त्या धुळीतल्या रेघेकडं बघतच राहिले. भांडण, चाचणी, ऋतुराज, सगळं विसरले. जोरात गेलेली जास्त भरकटते आणि जरा सबुरीनं गेलेली सरळ पोचते, हे मला कुणी पुस्तकात लिहून दिलं असतं तर मी फाडून टाकलं असतं. पण कागदावर भोकं होती ना, माझीच.

"आणि एक," सर म्हणाले, "आवाजाची गती काय कायम न्हाय. थंडीत आवाज जरा हळू पळतो. म्हंजे हिवाळ्यात गोळीला त्येला मागं टाकायला सोपं जातंय."

"तरी ऋतुराजच्या का वाजत नाहीत? हवा तीच, रायफल तीच."

हे सरांनाही सांगता येईना. मग आम्ही एक केलं. दोघांनी गोळ्या बदलल्या. त्याच्या डब्यातल्या मी मारल्या, एकही वाजली नाही आणि सगळ्या आत. माझ्या डब्यातल्या त्यानं मारल्या, तर तड्, तड्! आणि तो शांत माणूसही सातावर गेला. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! दोष माझ्या डोक्यात नव्हता, डब्यात होता. मी सगळ्या रेंजला ऐकू जाईल असं ओरडले, "बघा! माझं मन जाग्यावर आहे!"

"मनाचं कळलं, आता तोंड जाग्यावर आण," सर म्हणाले आणि माझ्या डब्यात बोट घातलं. लगेच बाहेर काढलं. "बाई, ह्या कोमट कशा?"

कोमट होत्या. सकाळी बोटं गारठलेली असताना त्या बोटांना बऱ्या वाटायच्या, आणि मला वाटायचं, पिशवीत गरम भाकरीशेजारी असतात म्हणून. "दारू तापली की जोरात जळती," सर म्हणाले. "गोळी जोरात सुटती. वर हवा गार. मग काय, गेली आवाजाच्या पुढं. आणि अर्ध्या तासात डबा निवला की तू गुणाची पोर." दुसऱ्या दिवशी मी भाकरी नेलीच नाही. उपाशी गेले. तरी पहिल्या गोळ्या वाजल्याच. डबाही तसाच कोमट.

मग मी पुढच्या पहाटे लवकर उठले. मागच्या पडवीत पाण्याचा बंब पेटला होता. अप्पा त्याच्यासमोर पाटावर बसले होते, आणि बंबाच्या झाकणावर, फडक्यात गुंडाळून, माझा गोळ्यांचा डबा. अप्पा मधून मधून तो फिरवत होते. सगळीकडनं सारखी ऊब लागावी म्हणून.

माझा तोल गेला. "अप्पा! घर उडवायचं हाय काय?"

ते दचकले. मग त्यांचाही आवाज चढला, आमच्यात तो वारसाच आहे. "काय उडत न्हाय! तीस वर्सं दारूचा माल विकतोय मी. पंचगंगेचं धुकं रोज येतंय, दारू सर्द हुती. सर्द माल फुसका निघतो. फटाका उनात घालत्यात का न्हाय?"

"हा फटाका न्हाई!"

"मग काय हाय? दारूच हाय की आत!"

अव्वा आतनं आली आणि दोघांना कन्नडमध्ये "सुम्मन कुंद्र" म्हणाली, म्हणजे गप बसा. मग अप्पा खाली बघत म्हणाले, "दिवाळीनंतर एकदा आलतो मी तुझ्या रेंजवर. आत न्हाय आलो. भिंतीच्या भाईर उभा ऱ्हायलो. सगळ्यांच्या गोळ्या फुस् फुस्. तुझ्या बी. मला लई वाईट वाटलं. म्हटलं, चनबसाप्पाच्या पोरीचा माल फुसका? मग त्या दिवसापास्नं डबा बंबावर ठिवाय लागलो. परत येऊन ऐकलं, तर काय सुरेख वाजत हुती गं! पण निम्म्यात परत फुस्. म्हणून मग पिशवीत डब्याखाली घोंगडीचा तुकडा घालाय लागलो, ऊब टिकावी म्हणून."

माझा राग कुठं गेला, कळलं नाही. हा माणूस भिंतीबाहेर उभा राहून माझ्या गोळ्या ऐकत होता, आणि माझे दहा लागले की वाईट वाटून घेत होता. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी पाटावर त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांना हलगीची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. दोनदा म्हणाले, "म्हंजे वाजली की बिघडली?" मी दोनदा व्हय म्हटलं.

"उलटाच धंदा की गं तुझा," ते म्हणाले आणि डबा झाकणावरनं उचलला.

चाचणीच्या रविवारी ते भिंतीबाहेर थांबले नाहीत. धोतर, कोट, पटका, खांद्यावर उपरणं, असे लग्नाला निघाल्यासारखे रेंजच्या आत आले. सरांनी त्यांना बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीमागं उभं केलं. "पावणं, दोरीच्या आत यायचं न्हाय, आणि पोरीला एक शब्द बोलायचा न्हाय. बोललासा तर तिची चाचणी बाद." अप्पांनी तोंडावर बोट ठेवलं.

रायफल एकच, म्हणून आधी ऋतुराज आणि मग मी. तो धुक्यात मारायला बसला आणि नेहमीसारखा गारपणे मारून उठला. त्याचे गुण फळ्यावर लागले. चांगले होते, मेल्याचे. मी रायफलीचा पट्टा दंडाला आवळला, पोटावर झोपले, गोळ्या खोचून ठेवायचा भोकांचा लाकडी ठोकळा उजव्या हाताशी ठेवला. गोळ्या गार होत्या. फट्. फट्. फट्. सगळं शांत, सगळं आत. मला वाटलं, बास, रायफल माझी.

पण धुकं वितळलं. ऊन मागनं, उजव्या खांद्यावरनं यायला लागलं आणि बरोबर ठोकळ्यावर पडलं. मला ते कळलंच नाही, कारण माझा डोळा समोर. कळलं ते तड् झाल्यावर. गोळी आठात गेली.

ठोकळ्याला बोट लावलं, पितळ चांगलंच तापलं होतं. डावीकडं माझ्याच अंगाची सावली होती, पण तिथं ठोकळा ठेवायला पट्टा सोडावा लागला असता, आणि एवढी जमलेली बैठक मोडली असती. मी थांबले. घड्याळ पळत होतं. थांबून काय होणार, ऊन वाढतच जाणार होतं. आता गेली रायफल, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी भरलेल्या डोळ्यानं नेम कसा धरणार?

तेवढ्यात ठोकळ्यावर सावली आली. मला वाटलं, ढग. मी डोळे पुसले, बोटानं गोळी चाचपली. गार वाऱ्यात पितळ निवत होतं. आणखी जरा थांबले आणि मारली. फट्. दहा. पुढची फट्. तो ढग काही हलेना. मागं कुणीतरी कुरकुरलं, "अहो पावणं, मधनं हला की, कागद दिसंना झालाय." आणि सरांचा आवाज आला, "दोरीच्या भाईर हाईत. तोंड बंद हाय. उभं ऱ्हाऊ देत." पण मी वळले नाही. वळायचं नसतंच.

शेवटची गोळी मारून मी रायफल खाली ठेवली आणि मागं बघितलं. अप्पा दोरीला चिकटून उभे होते. दोन्ही हात वर ताणलेले, हातांत उपरणं पडद्यासारखं पसरलेलं. त्यांची लांब सावली दोरी ओलांडून माझ्या ठोकळ्यापर्यंत आली होती. पटका कपाळावर घसरला होता, पण ते हलले नव्हते.

सरांनी कागद मोजला, परत मोजला आणि माझं नाव घेतलं. एका गुणानं. ऋतुराज आला, माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की अजून आठवतो, आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी मीबी आमच्या बाला घेऊन येतो."

मी अप्पांकडं पळाले. त्यांचे हात आखडले होते, खाली येईनात. मी दोन्ही हात धरून खाली घेतले आणि चोळायला लागले. म्हटलं, "अप्पा, मिळाली! रायफल मिळाली!"

त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं बहुतेक. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मधी एक वाजली," ते म्हणाले. "मला हलायला उशीर झाला, बाळ."